हनुवटीला चार टाके

हे प्रकरण मुळात आमच्या जबडा-चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया विभागातल्या निवासी डॉक्टरांच्या शनिवारच्या बैठकीसाठी लिहायला घेतले होते. लिहिताना लक्षात आले की यातले निम्म्याहून अधिक प्रसंग रुग्णालयाच्या बाहेर घडलेले आहेत, स्कूटरवर, स्वयंपाकघरात, गावातल्या दवाखान्यात. म्हणून ते सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत मांडते आहे. ओळख पटेल असा तपशील बदलला किंवा गाळला आहे. मुलीला इथे चिऊ म्हणते.

पार्श्वभूमी

चेहऱ्याचे हाड मोडणे ही नवलाईची गोष्ट नाही. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ७५ लाख लोकांच्या चेहऱ्याची हाडे मोडली, असा जागतिक रोगभाराच्या अभ्यासातला अंदाज आहे. त्यात पहिला नंबर लागतो साध्या पडण्याचा. आपल्याकडच्या रुग्णालयांच्या नोंदी मात्र वेगळे सांगतात. तिथे दुचाकी पहिली. आमच्या वॉर्डात कधीही चक्कर मारा, सुजलेले डोळे आणि तारांनी बांधलेले दात घेऊन पडलेले बहुतेक जण विशी ते चाळिशीतले पुरुष असतात आणि त्यांचे हेल्मेट घरी खुंटीला असते. मग मारामारी, झाडावरून किंवा जिन्यावरून पडणे, क्रिकेटचा चेंडू, बैलाचे शिंग. एखादी बाई 'बाथरूममध्ये घसरले' म्हणत येते आणि गालाचे हाड मोडलेले असते नेमके डाव्या बाजूचे. त्या विषयावर वेगळे लिहावे लागेल.

कोणते हाड जास्त मोडते? एकूण माणसे मोजली तर नाकाचे. पण नाक मोडलेले कितीतरी जण डॉक्टरकडे येतच नाहीत, सूज उतरली की नाक जरा वाकडे झाले एवढेच म्हणतात. आमच्या ऑपरेशनच्या यादीत जास्त वेळा असतो तो खालचा जबडा. हा जबडा घोड्याच्या नालेसारखा, त्याची दोन्ही टोके कानांच्या पुढे कवटीच्या खोबणीत बसलेली. नालेला मधोमध मार बसला तर जोर टोकांकडे जातो. म्हणजे मार हनुवटीला आणि मोड कानाजवळ. परेडवर तासन्‌तास उभा राहिलेला शिपाई चक्कर येऊन कोसळतो तेव्हा हात पुढे न करता थेट हनुवटीवर आपटतो. इंग्रजी पुस्तकांत या मोडीला त्या शिपायाचेच नाव दिले आहे. परीक्षेत हा प्रश्न विचारला तर प्रत्येक विद्यार्थी बरोबर उत्तर देतो. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत हनुवटी शिवताना मात्र त्यातल्या किती जणांना तो शिपाई आठवतो, हे मी विचारत नाही.

लहान मुलांत चेहऱ्याची हाडे मोडण्याचे प्रमाण खूप कमी असते, पाच वर्षांखालच्या मुलांत तर आणखी कमी. जन्मतः कवटी चेहऱ्याच्या आठपट मोठी असते, मोठेपणी जेमतेम दुप्पट-अडीचपट. त्यामुळे लहान मूल पडले की आधी कपाळ आपटते, चेहरा मागे राहतो. हाड लवचीक असते, सायनसच्या पोकळ्या अजून नीट तयार झालेल्या नसतात आणि जबड्यात न उगवलेले दात भरलेले असल्यामुळे तो आतून ठासल्यासारखा असतो. पण या कमी प्रमाणात एक खोच आहे. मुलांचा जबडा मोडतो तेव्हा तो सगळ्यात जास्त वेळा सांध्यापाशीच मोडतो. आणि प्रमाण कमी म्हणून कोणी शोधतही नाही.

घटना

चिऊ पाच वर्षांची होती. डिसेंबरची संध्याकाळ, गाळपाचा हंगाम, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. वडील स्कूटर चालवत होते, आई मागे, तिच्या मांडीवर धाकटा आणि चिऊ पुढे, पाय ठेवायच्या जागेवर उभी, दोन्ही हात हँडलवर. हे चित्र महाराष्ट्रात कुठल्याही चौकात पाच मिनिटे उभे राहिले की दिसते. मोटार वाहन कायद्याच्या १२८व्या कलमानुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसू शकतो आणि तोही चालकाच्या मागच्या सीटवर. मूल पुढे उभे करणे त्यात बसतच नाही. पण पुढे उभे राहून वारा खाणे हा मुलांचा हक्कच मानला जातो आणि 'डोळ्यांसमोर असते' म्हणून आईबापांनाही तेच सुरक्षित वाटते.

पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. ती अचानक थांबली, वडिलांनी करकचून ब्रेक दाबला. स्कूटर पडली नाही, कोणी खाली आले नाही, ट्रॉलीला धक्काही लागला नाही. फक्त चिऊची हनुवटी स्पीडोमीटरच्या वरच्या कडेवर आपटली.

हनुवटीच्या खाली दीड-दोन सेंटीमीटरची खोक पडली. रक्त बरेच आले, ते तिथे येतेच. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उलटी झाली का, शुद्ध गेली का, झोपाळल्यासारखी वाटते का हे विचारले, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. हे सगळे योग्यच होते. जखम धुतली, चार टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, पातळ औषधे लिहून दिली. पाच दिवसांनी टाके काढायला बोलावले.

पाचव्या दिवशी आज्जी घेऊन गेली. जखम छान भरली होती. आज्जीने सहज सांगितले, पोरगी भाकरी खात नाही, दुधात कुस्करलेली चपाती तेवढी गिळते. आणि कारणही तिनेच देऊन टाकले, "टाकं वढत असत्याल, म्हनून चावत न्हाई." डॉक्टरांनी मान डोलावली. टाके निघाले. सगळ्यांच्या दृष्टीने गोष्ट संपली.

महिन्याभरात आईला दिसले की चिऊ जांभई देताना तोंड डावीकडे वाकडे करते. तिला वाटले पोरगी कोणाची तरी नक्कल करते. एकदा दटावलेही. तालुक्याला दुसऱ्या कामासाठी गेले असताना एका दातांच्या दवाखान्यात दाखवले. तिथे सांगितले की दुधाचे दात आहेत, पडून नवे आले की नीट जुळतील. दात खरोखरच जुळत नव्हते, फक्त दोष दातांत नव्हता.

पुढचे वर्ष हळूहळू आवळत गेले. आधी पेरू बंद झाला, मग शेंगदाण्याचा लाडू. शाळेतल्या खिचडीला इतर मुलांपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला. घरच्यांना हे 'वाढलेले नखरे' वाटले, कारण चिऊ रडत नव्हती. दुखणे पहिल्या पंधरा दिवसांतच थांबले होते. सांधा जखडत जातो तेव्हा तो दुखत नाही, हीच या आजाराची सगळ्यात मोठी लबाडी.

आमच्याकडे ती आली चौदा महिन्यांनी, आणि तीही दाढ किडली म्हणून. ब्रश आत जात नव्हता. गावातल्या दंतवैद्यांना दाढेपर्यंत आरसाही नेता आला नाही, तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन पाठवले.

अडचण

मी खोलीत शिरले तेव्हा निवासी डॉक्टरने केसपेपर लिहून ठेवला होता. तोंड उघडण्याचे माप ४ मिलिमीटर. जखमेचा इतिहास: नाही. त्याचा अंदाज होता की लहानपणी कान फुटला असेल, तो संसर्ग सांध्यात उतरला असेल. हेही एक कारण असतेच, त्यामुळे अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही.

त्याने विचारले होते, "पोरगी कधी पडली होती का?" आणि आई, वडील, आज्जी तिघेही खरे बोलले होते. ती पडली नव्हती.

मी चिऊची मान वर केली. हनुवटीखाली पांढरी, आडवी रेघ होती, चार टाक्यांचे ठिपके अजून मोजता येत होते. "हे काय?" "ते व्हय, बाई? ते गाडीवर ब्रेक लागला तवाचं." वडिलांचा चेहरा त्याच क्षणी उतरला. त्यांना अजून काहीच कळले नव्हते, पण आपल्याकडे काहीतरी येते आहे हे कळले होते.

अपघात झाला नाही म्हणून पोलिसांत नोंद नाही. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात आणि ४,४३,३६६ जखमी नोंदले गेले. असल्या आकड्यांत चिऊसारख्या मुलांना जागाच नसते. दवाखान्याच्या वहीत ती 'हनुवटीला जखम' म्हणून आहे, फ्रॅक्चर म्हणून नाही. कारणांचे तक्ते आपण ज्या नोंदींवरून बनवतो त्या नोंदींतूनच हे मूल गळून गेले आहे. पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण कमी असते हे मी वर लिहिले. ते खरेच आहे. पण त्यातले किती प्रमाण कमी आणि किती शोध कमी, हा प्रश्न चिऊनंतर मला सुटत नाही.

तपासणीत हनुवटी डावीकडे सरकलेली दिसली. इथे शिकाऊ डॉक्टर हमखास फसतात. चिऊचा उजवा गाल चपटा, बसल्यासारखा दिसत होता आणि डावा छान गोल. बघणाऱ्याला वाटते दोष उजवीकडे. खरे उलटे असते. ज्या बाजूची वाढ खुंटली तिथला जबडा आखूड, म्हणून त्यावरचे मांस गोळा होऊन गाल भरलेला दिसतो. निरोगी बाजू ताणली जाऊन सपाट होते. दोन्ही कानांत करंगळ्या घालून तिला तोंड उघडायला सांगितले. उजवीकडे किंचित हालचाल बोटाला लागली, डावीकडे भिंत.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या सांध्याच्या जागी हाडाचा एक गड्डा होता, खालचा जबडा थेट कवटीच्या तळाला चिकटलेला. साध्या मराठीत सांगायचे तर बिजागरीच्या जागी वेल्डिंग झाले होते.

असे का होते? लहान मुलात जबड्याचे टोक जाडसर, मऊ आणि रक्ताने भरलेले असते. मोठ्या माणसात ते खालच्या निमुळत्या भागाशी मोडते. पाच-सहा वर्षांच्या मुलात ते मार बसल्यावर खोबणीतच चिरडते, ओल्या मातीचा गोळा दाबल्यासारखे. सांध्यात रक्त साठते, त्यात हाडाचे कण असतात. मूल दुखते म्हणून तोंड हलवत नाही. न हलणाऱ्या सांध्यात त्या रक्ताचे आधी तंतू होतात, मग हाड.

पर्याय

काहीच न करता वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणे हा एक पर्याय कागदावर असतो. आम्ही तो पाच मिनिटांत बाजूला ठेवला. जेवण धड नाही, दात किडताहेत, जबडा वाढत नसल्याने घशाची वाट अरुंद होत जाणार. आईला विचारल्यावर कळले की चिऊ वर्षभर घोरते आहे, मोठ्या माणसासारखी. उद्या हिला उलटी झाली किंवा कुठल्याही कारणाने भूल द्यावी लागली तर तोंड उघडणार नाही, ही टांगती तलवार वेगळीच.

भूल देऊन तोंड जोराने उघडणे हाड जुळलेल्या सांध्यात उपयोगाचे नसते. कृत्रिम सांधा वाढत्या मुलात बसवत नाहीत. म्हणजे हाड कापून फट करणे आले. वाद होता तो पुढचा: त्या फटीत काय ठेवायचे?

विभागात दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे होते की बरगडीचा कूर्चासकट (म्हणजे टोकाच्या मऊ, लवचीक भागासकट) तुकडा घालून सांधा नव्याने उभारावा, म्हणजे जबड्याची उंची मिळेल आणि कूर्चा मुलीबरोबर वाढेल. हा मान्य मार्ग आहे आणि पुस्तकांचा कल त्याकडेच आहे. माझा कल दुसरीकडे होता. बरगडीची वाढ लहरी असते, कधी होतच नाही, कधी इतकी होते की हनुवटी उलट बाजूला सरकते. शिवाय तुकडा स्थिरावेपर्यंत आठ-दहा दिवस तोंडाचा व्यायाम आवरता घ्यावा लागतो, आणि या आजारात व्यायाम हाच अर्धा उपचार. कुटुंब साठ किलोमीटरवरून दोन एसट्या बदलून येणारे. पुढची दहा वर्षे ते दर तीन महिन्यांनी येतील यावर मला पैज लावता आली नसती. म्हणून कानशिलाच्या स्नायूचा थर फटीत सरकवायचा, तोंड दुसऱ्या दिवसापासून हलवायचे आणि चेहऱ्याचा वाकडेपणा काही वर्षांनी हाड हळूहळू ताणण्याच्या शस्त्रक्रियेने पाहायचा, असे ठरले.

हा निर्णय वैद्यकीय होता तितकाच एसटीच्या वेळापत्रकाचाही होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

घरच्यांना हे सगळे समजावताना वडिलांनी एकच प्रश्न विचारला. "मॅडम, त्याच दिवशी कळलं असतं तर तेव्हाच ऑपरेशन केलं असतं का?" मी खरे उत्तर दिले. नाही. त्या दिवशी सापडले असते तर बहुधा ऑपरेशन लागलेच नसते. वेदनाशामक औषध, आठ-दहा दिवस पातळ-मऊ खाणे, त्यानंतर रोज तोंड उघडण्याचा व्यायाम आणि दर महिन्याला एक चक्कर. या वयातली बहुतेक मोडलेली टोके एवढ्यावर सुंदर भरतात, मूल वाढताना हाड स्वतःला घडवून घेते. ते ऐकून वडील बाहेर जाऊन बराच वेळ उभे राहिले. खोटे सांगितले असते तर त्यांना बरे वाटले असते का, यावर माझे आणि आमच्या सिस्टरांचे आजही एकमत नाही.

काय केले

पहिली अडचण भुलीची होती. तोंड ४ मिलिमीटर उघडणाऱ्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालायची तर नाकातून, दुर्बिणीने, आणि दुर्बीण मुलांच्या मापाची हवी. आमच्याकडची दुरुस्तीला गेली होती. तारीख ठरलेली, मुलगी उपाशी, आईवडील थिएटरबाहेर. नळी अंदाजाने नाकातून घालता येते, जुन्या लोकांनी शेकडो घातल्या आहेत. आमच्या भूलतज्ज्ञांनी सरळ नाही म्हटले. "रक्त आलं आणि तोंड उघडत नाही, तर मी कुठून जाऊ?" ऑपरेशन नऊ दिवस पुढे गेले. त्या दिवशी मला राग आला होता, यादी कोलमडली म्हणून. तो राग चुकीचा होता.

नऊ दिवसांनी दुर्बीण आली, नळी पहिल्याच प्रयत्नात बसली. गळ्याला छेद द्यायची तयारी शेजारच्या ट्रेवर होती, ती लागली नाही. कानापुढून छेद घेऊन चेहऱ्याच्या नसेला जपत आत गेलो. हाडाचा गड्डा दीड सेंटीमीटरभर काढला, त्याच बाजूला कानशिलाचा स्नायू ज्याला चिकटतो ते जबड्याचे टोकही काढले, कारण वर्षभर न हललेला स्नायू तिथेच आखडून बसतो. तोंड टेबलावर ३४ मिलिमीटर उघडले. किडलेली दाढ तेव्हाच काढली. तिच्या तक्रारीचे मूळ कारण तेच होते, हे आम्ही जवळजवळ विसरलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम. यंत्रे असतात, पण घरी चालेल असे साधन म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. एक काडी साधारण २ मिलिमीटर जाड. काड्यांची थप्पी दातांत धरायची आणि मधोमध एक-एक काडी सरकवत जायची. मूल रडते, घामाघूम होते. हे कोणीतरी दिवसातून पाच-सहा वेळा, महिनोन्‌महिने, न द्रवता करावे लागते. वॉर्डात हे काम आज्जीने घेतले. ती काड्या मोजताना अंक म्हणत नसे, माळेचे मणी ओढावे तशी पुटपुटत असे. सुटी झाली तेव्हा चौदा काड्या जात होत्या.

परिणाम

पहिले दोन महिने चांगले गेले. डावी भुवई वर जात नव्हती, नसेला ताण बसला होता, ती तिसऱ्या महिन्यात हलू लागली. एका भेटीत माप एकदम ६ मिलिमीटरने वाढलेले निघाले आणि आम्ही सगळे खूश झालो. मग निवासी डॉक्टरच्या लक्षात आले की वरचा पुढचा दुधाचा दात पडला आहे, आणि आम्ही दातापासून दातापर्यंत मोजणारे आता हिरडीपासून मोजत होतो. त्यानंतर केसपेपरवर कोणत्या दातापासून मोजले तेही लिहितो.

मग आषाढ आला. आज्जी वारीला गेली. तिची ती सतरावी वारी, चुकवणे शक्य नव्हते आणि आम्हाला कोणी विचारलेही नव्हते. आईवडील शेतावर, चिऊ शाळेत. काड्या कोण मोजणार? एकदोन दिवस आईने केले, पोरगी रडली की तिच्याने पुढे रेटवत नसे. आज्जी पंढरपूरहून परतली तेव्हा थप्पीत आठच काड्या जात होत्या. १६ मिलिमीटर.

इथे पुन्हा ठरवायचे होते: सांधा परत जखडायला लागला म्हणून पुन्हा उघडायचा की थोडी वाट पाहायची? सीटीमध्ये नवे हाड दिसले नाही, तंतूच होते. पूर्ण शस्त्रक्रियेऐवजी भूल देऊन तोंड ताणले, ३० मिलिमीटरपर्यंत आले. आणि या वेळी आईला चार दिवस वॉर्डात ठेवून तिच्याच हातून व्यायाम करवून घेतला. पहिल्या दिवशी ती चिऊपेक्षा जास्त रडली.

आज दीड वर्ष झाले. माप २८ मिलिमीटरवर स्थिर आहे. या वयाच्या मुलांचे तोंड ४० मिलिमीटरच्या आसपास उघडते, तेव्हा हे पूर्ण यश नाही. तिची स्वतःची तीन बोटे उभी दातांत जात नाहीत, दोन जातात. भाकरी खाते, पेरू आज्जी फोडी करून देते. घोरणे थांबले. हनुवटी अजून डावीकडे आहे आणि शाळेत तिला एक नाव पडले आहे, ते मी इथे लिहीत नाही. आणखी एक मोठी शस्त्रक्रिया पुढे आहे, बहुधा दोन.

मागच्या भेटीला हे कुटुंब स्कूटरवरच आले होते, एसटीचा संप असावा. मी गेटपाशी होते. चिऊ मागे आईबाबांच्या मध्ये बसली होती. धाकटा पुढे उभा होता. वडिलांनी मला पाहिले आणि गाडी न थांबवताच एक हात त्याच्या छातीवर धरला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दवाखान्याला दोष देणे सोपे आहे आणि फारसे न्याय्य नाही. डोक्याला मार लागला का हे त्यांनी नीट पाहिले, जखम नीट शिवली. हुकले ते एवढेच की शिवून झाल्यावर मुलीला 'आ' करायला सांगितले नाही. तोंड सरळ उघडते की वाकडे, दात आधीसारखे जुळतात का, कानाच्या पुढे दाबले तर दुखते का, करंगळ्या कानात घालून हालचाल सारखी लागते का. दोन मिनिटांचे काम. शंका आली तर जबड्याचा एक पूर्ण एक्सरे, जो तालुक्याच्या कितीतरी दातांच्या दवाखान्यांत काही शे रुपयांत निघतो. मूल रडत असेल, सूज असेल तर त्या रात्री हे जमत नाही, हेही मान्य. मग टाके काढायचा दिवस असतोच. मला विचाराल तर सगळ्यात मोठी संधी पाचव्या दिवशी होती. आज्जीने निदान हातात आणून दिले होते: पोरगी चावत नाही. हनुवटीच्या कातडीला ओढ बसली म्हणून मूल पाच दिवस चावणे सोडत नाही.

ही चूक पुन्हापुन्हा होते त्याचे एक कारण विचित्र आहे. अशी हुकलेली बहुतेक फ्रॅक्चर आपोआप बरी होतात. खेळकर मूल आपणच तोंड हलवत राहते, सांधा सुटा राहतो, कोणाला कधी कळतही नाही. दहा वेळा न पाहताही निभावले की अकराव्यांदा पाहावेसे वाटत नाही.

आमच्या चुका वेगळ्या. केसपेपरवर 'पडली होती का' हा प्रश्न आता आम्ही खोडला आहे. त्याऐवजी 'हनुवटीला कधी काही लागले होते का, टाके पडले होते का' असे विचारतो आणि उत्तर काहीही आले तरी मान वर करून खूण शोधतो. दुर्बीण आधी तपासून मग तारीख देतो. व्यायाम घरातल्या दोघांना शिकवल्याशिवाय सुटी देत नाही आणि त्या दोघांना पुढच्या सहा महिन्यांत कुठे जायचे आहे, हे विचारून ठेवतो. लग्न, वारी, ऊसतोड, बाळंतपण, काहीही.

बरगडी न घालण्याचा निर्णय बरोबर होता का? मला अजून तसेच वाटते. पण चिऊचा वाकडेपणा वर्षागणिक थोडा वाढतो आहे आणि दुसऱ्या तटाचे माझे सहकारी प्रत्येक भेटीला तिचे फोटो माझ्यापेक्षा जास्त वेळ बघतात.

पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी फोन केला होता. घरच्यांना विचारून, आणि तक्रारीचा सूर येऊ नये म्हणून दोनदा मनात जुळवून. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, हंगामात आठवड्याला दोन-तीन हनुवट्या शिवतो मी." आणि फोन ठेवला. मला वाटले, दुखावले.

परवा त्यांचा व्हॉट्सअपवर फोटो आला. सहा-सात वर्षांचा मुलगा, हनुवटीला ताजी पट्टी, डोळ्यांत पाणी, तोंड उघडे आणि दातांत स्वतःचीच बोटे, दोन. खाली लिहिले होते, 'झोक्यावरून. उघडताना जरा उजवीकडे जातंय. पाठवू का?'

मी लिहिले, आजच.